मासाभर

उडायचं असेल तर खाली जावं लागतं,
हे स्लानिकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
लिफ्ट करकरत उतरते दोनशे मीटर,
कानांना दडे बसतात,
आणि दार उघडतं ते मिठात.

भिंती मिठाच्या, छत मिठाचं,
करड्या-पांढऱ्या पट्ट्या,
कुणी घोंगडी उभी वाळत घातल्यासारख्या.
वाऱ्याला इथला पत्ता सापडलेला नाही.
जानेवारीत बारा अंश, ऑगस्टात बारा.

मी झोइका, तुदोसे खाणवाल्याची धाकटी.
माझं काम घड्याळ धरायचं.

बाबा दिवसा याच भिंतींतून टनावारी मीठ काढायचा
आणि रात्री बाल्साच्या काडीतून
गुंजेएवढं वजन कमी करत बसायचा.
न्हाणीच्या टबात पाणी,
पाण्यावर चमचाभर लॅकर.
रंग पसरत: हिरवा, जांभळा, मग सोनेरी,
सोनेरीवर तो "थांब" म्हणायचा, कुणाला कोण जाणे.
मग तारेच्या चौकटीवर उचलायचा पापुद्रा,
दुधावरची सायही त्यापुढे गोणपाट.
आई दारातून विचारी, "आंघोळी कधी करायच्या?"
"उद्या."
आमच्या घराला कायम त्या लॅकरचा वास होता.
शाळेत माझ्या वेणीलासुद्धा.

तो सांगायचा,
माणसाला विमान माहीत नव्हतं तेव्हा
पॅरिसच्या एका बागेत कुणीतरी रबर पिळून
काडी-कागदाचं पाखरू सोडलं.
अकरा सेकंद.
त्या अकरा सेकंदांमागून सगळे धावले,
इंजिनं आली, बॉम्ब आले, तिकिटं आली.
थोडे जण मात्र मागेच राहिले,
रबर पिळत,
व्यायामशाळांत, नाचाच्या हॉलांत,
हवाई जहाजं गेल्यावर ओस पडलेल्या शेडांत,
जिथं जिथं छप्पर उंच आणि वारा बाहेर.

यंदा ब्रनोहून ओताकार आला.
एकोणऐंशी वर्षांचा. खोका मांडीवर घेऊन,
दोन रात्री रेल्वेत न झोपता.
कॉफीचा कप धरताना त्याचे हात थरथरतात,
विमान धरताना नाही.
विमान म्हणजे काय, मासाभर आणि वर थोडं.
तळहातावर ठेवलं तर डोळ्यांना दिसतं,
तळहाताला कळत नाही.
चौदाशे पीळ दिले त्यानं, ओठांनी मोजत.
सोडलं असं नाही म्हणता येणार,
हात काढून घेतला.

पंखा इतका सावकाश की पाती मोजावीत.
आम्ही सगळे सोवळ्यात असल्यासारखे, 
अंग चोरून, पाय न वाजवता.
(दोन वर्षांपूर्वी एक पहारेकरी शिंकला,
अजून त्याच्याशी कुणी धड बोलत नाही.)
ते चढत गेलं गोल गोल,
दिव्यांच्या वर, जिथं मीठ काळं दिसतं,
आणि अकराव्या मिनिटाला
छताच्या एका मिठाच्या बोंडाला पातं अडकलं.

ओताकारनं माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर कदाचित माझा अंगठा अडखळला असता.
नियमात आहे तेवढं थांबले,
मग कळ दाबली.
याच मिठावर वाढलेय मी, त्याला जागायला नको?
अकरा मिनिटं, बावन्न सेकंद. लिहिलं. सही केली.

पुढचा उमेदवार पीळ देऊ लागला.
एक जपानी मुलगी, खूप गंभीर.
आणि केव्हातरी, वर,
रबर सैलावलं असेल,
पातं आपोआप निसटलं.
पहिल्यांदा ते तिनंच पाहिलं आणि हात थांबवले.

पीळ संपलेलं, पंखा मुका,
ते नुसतं उतरत होतं,
एवढ्या मोठ्या पोकळीत स्वतःला विसरून.
किती वेळ, मला विचारू नका.
घड्याळ बंद होतं.
खाणीत चाळीस माणसं होती
आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता.

ते जमिनीला लागलं तेव्हा आवाज नव्हताच.
ओताकार गुडघ्यांवर बसला, उचललं,
पात्यावर वरचं थोडं मीठ आलं होतं,
ते त्यानं बोटावर घेतलं
आणि चाखून पाहिलं.